चित्रातली भाची

आमची भाची लहानपणापासून चकली खायची ती दाढेने. समोरचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतच नसत. खालचा जबडा पुढे, वरचा मागे. तिचे आजोबा कौतुकाने तिला 'आमची करारी' म्हणत. वर्गातल्या मुली काय म्हणत ते ती कधी घरी सांगत नसे. तेविसाव्या वर्षी तिने आपण होऊन ठरवले की जबड्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची. मी मराठीचा प्राध्यापक. माझा आणि जबड्याचा संबंध तासाला बडबड करण्यापुरता. पण मामा म्हटल्यावर सल्लामसलतीला जाणे आलेच!

शल्यविशारदांनी संगणकाच्या पडद्यावर तिचा एका बाजूचा चेहरा आणला. वर फोटो, आत क्ष-किरणांनी टिपलेले हाड. मग त्यांनी वरचा जबडा ५ मिलिमीटर पुढे घेतला, खालचा ४ मिलिमीटर मागे नेला, आणि काय सांगू, फोटोतले ओठ नि हनुवटीही हाडामागोमाग सरकली! एक देखणी, अनोळखी मुलगी समोर उभी. "हा अंदाज आहे हं, वचन नव्हे," असे डॉक्टर म्हणाले खरे. पण ते ऐकायला शुद्धीवर होते कोण? माझी बहीण खुर्ची पुढे ओढून "नाकापाशी जरा..." असे काही म्हणू लागली, तेव्हा मला थेट कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची आठवण झाली. मुलगी सर्वांना पसंत पडली. भाची तेवढी गप्प होती. जिना उतरताना मला म्हणाली, "मामा, ही तुम्हाला इतकी आवडली. मग इतकी वर्षं मी काय होते?"

मला उत्तर सुचले नाही. मास्तरकीच्या खोडीने मी आपला त्या चित्रामागचे गणित समजून घेण्याच्या मागे लागलो.

हे भविष्य वर्तवणे संगणकाच्याही आधीचे आहे. तोंडाच्या आतूनच खालचा जबडा उभा दुभंगून मागेपुढे सरकवण्याची रीत हूगो ओब्वेगेसर या शल्यविशारदांनी १९५० नंतरच्या दशकात पुढे आणली. संगणक येण्यापूर्वी डॉक्टर क्ष-किरण चित्रावर पारदर्शक कागद ठेवून रेषा गिरवीत, कागदी जबडा कात्रीने कापून सरकवीत आणि नवे ओठ अंदाजाने काढीत. सॉफ्टवेअर कात्रीवाचून तेच करते. हाड कुठे न्यायचे ते बऱ्याच अंशी डॉक्टरांच्या हाती असते. प्रश्न वरच्या मांसाचा. आधीच्या रुग्णांच्या मापांवरून काही प्रमाणे बसवलेली असतात: हनुवटीचे मांस जवळजवळ हाडाइतकेच सरकते, वरचा ओठ मात्र हाडाच्या निम्म्याहून थोडा अधिक. आणि खालचा ओठ? तिथे गणित हात टेकते. त्याची जाडी माणसागणिक निराळी, ताण निराळा, शिवाय तो दातांवर रेलून बसलेला. अंदाज चुकतो तो बहुधा तिथेच. त्रिमिती चित्रे आली तरी हा हट्टी ओठ पुरता वठणीवर आलेला नाही.

तज्ज्ञ २ मिलिमीटरपर्यंतची चूक सहसा चालवून घेतात. गालावर तेवढ्याने काही बिघडत नाही. पण ओठाची कड? घरच्या माणसाचा रुसवा आपण याहून कमी फरकावरून ओळखतो!

शस्त्रक्रियेआधी दीड वर्ष तिच्या दातांना तारा होत्या. जबड्यांचे अंतर झाकायला वाकलेले दात या तारा सरळ उभे करतात. म्हणजे झाकलेला दोष उघडा पडतो आणि चेहरा आणखीच बिघडल्यासारखा दिसतो. त्या दीड वर्षाचे चित्र आम्हाला कोणी दाखवले नव्हते. त्या काळात ती एकाही लग्नाला आली नाही.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. चेहरा आधी भोपळ्यासारखा सुजला, मग हळूहळू उतरला. गणपतीत सगळे जमलो असताना मी एक मूर्खपणा केला. ते चित्र माझ्या पुस्तकात जपून ठेवलेले होते. ते काढून तिच्या चेहऱ्याशेजारी धरले. हनुवटी तंतोतंत. वरचा ओठ जवळपास. खालचा मात्र चित्रातल्यापेक्षा जाड आणि किंचित उतरलेला. "ओठ तेवढा..." मी बोलून गेलो.

हातातला कप तिने खाली ठेवला. खालच्या ओठाची नस त्या जबड्यातूनच जाते. शस्त्रक्रियेत ती दुखावली की ओठ बधिर होतो, आणि तिचा अजून पुरता जागा झालेला नाही. चहा पिताना ती हनुवटीला बोट लावून बघते. "मामा," ती म्हणाली, "त्या चित्राला जरा चहा पाजून बघ ना. सांडला तर त्याला तरी कळतो का?"

बहिणीने माझ्या हातातले चित्र काढून घेतले. त्याचे पुढे काय केले ते मी विचारलेले नाही.

परवा तिच्याकडे भाजणीच्या चकल्यांचा पहिला घाणा निघाला. भाचीने एक उचलली, फुंकर घातली आणि समोरच्या दातांनी कुर्रकन तोडली. बहीण झारा हातात धरून बघतच राहिली. "आई, मोहन कमी पडलंय," भाची म्हणाली आणि दुसरी घेतली.