कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

परळच्या एका चाळीतला मुलगा मागे एका संध्याकाळी आमच्याकडे आला. बारावी झालेला, व्हिडीओ एडिटिंगचा कोर्स करणारा. हातात ग्राफिक कार्डाचा नवा खोका आणि चेहरा पडलेला. "काका, कार्ड बसतच नाही," एवढेच म्हणाला. आईने भिशीचे साडेआठ हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले होते. लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग घरी बसून करता येईल, हा त्यामागचा हिशेब.

घरी जाऊन पाहिले. संगणक कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंड हँड घेतलेला, पातळ कॅबिनेटचा. कार्ड मात्र पूर्ण उंचीचे, दोन पंख्यांचे. संगणक चालू, कार्डही उत्तम, पण दोघांची गाठ जमेना. दुकानदाराने सांगितले, सील फोडले, आता परत घेणार नाही. मित्राच्या घरी हेच कार्ड झकास चालते, एवढ्या माहितीवर खरेदी झाली होती. मित्राचे कॅबिनेट केवढे, हे कोणी विचारले नव्हते.

अशी फसगत पुष्कळ घरांत होते, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

मुळात कार्ड हवे कशाला, हे आधी ठरवावे. टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटीचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज यांना वेगळे कार्ड लागत नाही. बहुतेक प्रोसेसरमध्ये पडद्यापुरती सोय आतच असते. अपवाद आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते, त्यात ही सोय नसते. रायझनच्या बऱ्याच जुन्या प्रोसेसरांतही नसते. ज्यांच्या नावाशेवटी 'जी' असते, त्यांत असते. लालबाग-परळमध्ये फ्लेक्सचे डिझाइन करणारी बरीच मुले आहेत. त्यांचे काम कोरल आणि फोटोशॉपवर चालते. त्यांनी आधी रॅम वाढवावी, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. तेवढ्याने संगणक पळू लागतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. व्हिडीओ एडिटिंग, थ्री-डी काम, ॲनिमेशन आणि अर्थात गेम यांना मात्र कार्ड लागते.

स्लॉट ओळखायचा कसा?

संगणक बंद करावा, वायर भिंतीतून काढावी, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग बाजूचे झाकण काढावे. मदरबोर्डवर, मागच्या पत्र्याशी काटकोनात, ज्या लांबट खाचा दिसतात तेच स्लॉट.

आजची ग्राफिक कार्डे पीसीआय एक्सप्रेस जातीच्या स्लॉटमध्ये बसतात. ही पद्धत २००३-०४ मध्ये आली. त्याआधी १९९२ पासून साधा पीसीआय होता आणि १९९७ च्या सुमारास खास ग्राफिक कार्डासाठी एजीपी आला. आम्ही बी.कॉम. करत होतो तेव्हा एजीपी कार्ड असलेला मुलगा गल्लीतला श्रीमंत समजला जाई! एजीपीचा संगणक कोणी फुकट दिला तरी त्यावर आता पैसे घालू नयेत, कारण त्यात आजचे एकही कार्ड बसत नाही.

गोंधळ होतो तो पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेसमध्ये, कारण नाव जवळचे आणि लांबीही जवळची. पट्टी लावून पाहावे. जुना पीसीआय साडेआठ सेंटिमीटरचा, बहुधा पांढरा. एक्सप्रेसचा मोठा स्लॉट नऊ सेंटिमीटरच्या आसपास. खरी खूण खाचेतल्या आडकाठीची. घरगुती संगणकातल्या जुन्या पीसीआयमध्ये ती मागच्या पत्र्यापासून लांब असते, एक्सप्रेसमध्ये मागच्या पत्र्याजवळ. अडीच सेंटिमीटरचा छोटा स्लॉट दिसला तर तो एक लेनचा, ग्राफिक कार्डाच्या कामाचा नाही. मोठ्या स्लॉटच्या टोकाला बहुधा प्लास्टिकची कडी असते. कार्ड काढताना ती दाबावी लागते. न दाबता ओढले तर स्लॉट तुटतो, हे ध्यानात ठेवावे.

लेन म्हणजे रेल्वेचे रूळ समजा. मोठ्या स्लॉटमध्ये सोळा लेन मावतात. पण लांबी सोळाची आणि आतून जोडलेल्या चारच, असे स्लॉटही असतात. दोन मोठे स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या जवळचा बहुधा पूर्ण सोळाचा असतो. खात्री करायची तर मदरबोर्डवर छापलेले मॉडेल लिहून घ्यावे आणि त्याची माहितीपुस्तिका पाहावी.

पिढ्यांचा प्रश्न नेहमी विचारला जातो. सोळा लेनचा पहिल्या पिढीचा स्लॉट सेकंदाला ४ जीबी माहिती वाहतो, दुसऱ्या पिढीचा ८, तिसऱ्याचा सुमारे १६, चौथ्याचा सुमारे ३२. नवे कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये साधारणपणे चालते, फक्त स्लॉटच्या वेगाने चालते. अगदी जुन्या मदरबोर्डवर मात्र कधी कधी नव्या कार्डाचा डिस्प्लेच येत नाही. तेव्हा दुकानदाराला बोर्डाचे मॉडेल सांगूनच घ्यावे.

एक उदाहरण देतो. जानेवारी २०२२ मध्ये रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड आले. ते स्लॉटच्या सोळांपैकी चारच लेन वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ठीक चालते, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर रस्ता निम्मा होतो आणि बऱ्याच कामांत फरक पडतो. शिवाय व्हिडीओ तयार करून साठवण्याचे काम झटपट करणारा भाग या कार्डात ठेवलेलाच नाही. एडिटिंग करणाऱ्या मुलाने खोक्यावरचे चित्र पाहून हे घेतले तर त्याच्या पदरात काय पडेल?

जागा आणि वीज

उंचीची गोष्ट वर आलीच. साध्या कार्डाची मागची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते, पातळ कॅबिनेटला चालणाऱ्या कार्डाची सुमारे ८. त्याला बाजारात 'लो प्रोफाइल' म्हणतात. लांबीसुद्धा मोजावी, मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या घरापर्यंत. पुष्कळ कार्डे दोन स्लॉटांची जागा अडवतात, तीही पाहावी.

विजेकडे लोक अजिबात पाहत नाहीत. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागले तर एसएमपीएसमधून वेगळी वायर घ्यावी लागते. सहा पिनांची ७५ वॉटची, आठ पिनांची १५० वॉटची. एसएमपीएसवर ४५० वॉट असे ठळक छापलेले असते. तिकडे पाहू नका. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत ते पाहा आणि गुणाकार करा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांना मुख्यतः त्यातच भागवायचे आहे. ऑफिसातून निघालेल्या संगणकांत जादा वायर सहसा नसतेच, आणि त्यांचा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असल्याने सहज बदलताही येत नाही. अशा संगणकाला केवळ स्लॉटच्या विजेवर चालणारे कार्डच योग्य. जीटी १०३० तीसच वॉट खाते, पण ते दोन प्रकारांत येते. डीडीआर-४ चा प्रकार जीडीडीआर-५ पेक्षा बराच मंद आहे, नाव मात्र दोघांचे एकच! जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० ही ७५ वॉटची, मात्र काही कंपन्या त्यांनाही सहा पिनांची वायर लावतात. खोका उघडण्याआधी विचारावे.

लॅमिंग्टन रोडवर

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरले की लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असते, पण मुंबई इलाख्याचे जुने गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. तिथे जाताना मोबाइलमध्ये चार फोटो हवेत : उघडे कॅबिनेट, मदरबोर्डचे नाव, एसएमपीएसचे लेबल आणि लांबी मोजतानाची पट्टी. फोटो दाखवले की दुकानातला पोऱ्याही नीट बोलतो. तीन दुकाने फिरावीत, मग घ्यावे.

सेकंड हँड कार्ड चालू करून, दहा-पंधरा मिनिटे जोर देऊन पाहूनच घ्यावे. आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी रात्रंदिवस राबवलेली पुष्कळ कार्डे, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर, जुन्या बाजारात आली. पंखा खरखरतो का, स्क्रू उघडल्याच्या खुणा आहेत का, एवढे तरी पाहावे.

पक्के बिल घ्यावेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. पण आपल्या कॅबिनेटमध्ये न बसणारे कार्ड म्हणजे सदोष माल नव्हे. म्हणूनच त्या मुलाच्या बाबतीत आम्हांला दुकानदाराशी फार भांडता आले नाही. पैसे देण्यापूर्वीच "बसले नाही तर बदलून द्याल का?" असे विचारून, हो म्हटल्यास बिलावर लिहून घ्यावे.

त्या मुलाचे कार्ड शेवटी डोंगरीतल्या एका ओळखीच्या मुलाने घेतले, सात हजाराला. दीड हजार गेले. मग आम्ही दोघे फोटो आणि पट्टी घेऊन गेलो आणि लो प्रोफाइल १६५० आणले, वर दोन हजार घालून. खोक्यात दोन पट्ट्या होत्या, एक उंच, एक बुटकी. बुटकी लावली, झाकण लागले. उंच पट्टी त्याच्या आईने जपून डब्यात ठेवली आहे, पुढे मोठे कॅबिनेट घेतले तर लागेल म्हणून.