रूट कॅनल केलेली दाढ वाळते का?

रुमालाची घडी उलगडून बाई दाढेचा तुकडा पुढे करतात. "दोन महिन्यांपूर्वी रूट कॅनल केलं, दुखणं थांबलं. काल चिक्की खाताना ही अशी उभी चिरली. नस काढली की दात वाळतोच ना हो डॉक्टर?" नस म्हणजे झाडाचं मूळ, ते गेलं की फांदी सुकणारच, हा हिशेब घरोघरी पक्का आहे. ऐकायला पटतो, पण तो चूक आहे. आणि त्यापायी वाचण्यासारख्या दाढा जातात, म्हणून तो खोडून काढावासा वाटतो.

हे तपासायला खरे दात लागतात. तारा बसवण्यासाठी काढलेल्या उपदाढा आम्ही थायमॉल घातलेल्या पाण्यात, बरणीत ठेवतो. बाहेर वाळलेला दात खरोखरच ठिसूळ होतो आणि प्रयोग फसतो. नंतर एकेका दाताचं मूळ अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात रोवून तो यंत्राखाली धरायचा. पोलादी टोक मिनिटाला एक मिलिमीटर इतक्या संथ गतीनं खाली येतं. पडद्यावरची रेषा चढत राहते, बराच वेळ काहीच होत नाही. मग 'कट्' असा आवाज येतो आणि रेषा कोसळते.

१९९२ साली सेजली आणि मेसर यांनी २३ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडी एकाच माणसाच्या तोंडातली: एका बाजूचा दात सरासरी दहा वर्षांपूर्वी रूट कॅनल झालेला, दुसऱ्या बाजूचा तोच दात नस जिवंत असलेला. चिवटपणात किंवा तुटायला लागणाऱ्या जोरात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. जिवंत नसेच्या दाताचं डेंटिन, म्हणजे कवचाखालचा थर, जेमतेम साडेतीन टक्के जास्त कठीण भरलं, एवढंच. १९९४ साली पापा, केन आणि मेसर यांनी थेट पाणीच मोजलं. जिवंत दातात १२.३५ टक्के, रूट कॅनल केलेल्यात १२.१०. याला वाळणं म्हणत नाहीत.

मग दाढ चिरली कशानं? उत्तर त्याआधीच, १९८९ मध्ये री, मेसर आणि डग्लस यांच्या प्रयोगातून आलं होतं. नसेपर्यंत जाण्यासाठी वरून पाडलेल्या भोकामुळे दाताचा ताठपणा फक्त ५ टक्क्यांनी घटला. चघळण्याच्या पृष्ठभागावर खड्डा कोरला, तर २० टक्क्यांनी. पण खड्डा पुढच्या आणि मागच्या कडा कापून आरपार गेला, तेव्हा घट ६३ टक्क्यांवर पोचली. वेताच्या टोपलीचा काठ उसवला की टोपली फाकते, तसंच हे. बहुतेक वेळा तो काठ किडीनंच खाल्लेला असतो. रूट कॅनलचा दोष त्यात फार थोडा.

म्हणूनच "कॅप म्हणजे बिल फुगवायचा उद्योग" हे ऐकलं की वाईट वाटतं. कॅप दाढेला चारही बाजूंनी कवळून धरते, भिंती फाकू देत नाही. उलट समोरच्या दाताला मागून लहानसं भोक पाडलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर पुष्कळदा नुसतं भरून भागतं. तिथे कॅपचा आग्रह धरला, तर कारण जरूर विचारा.

"नस गेली म्हणजे दात मेला" हेही अर्धवटच. मुळाभोवतीचा तंतूंचा पडदा जिवंत असतो, त्याला रक्त हाडाकडून मिळतं. घास चावल्याचा दाब त्या दाढेवर कळतो, तो त्याच्यामुळेच.

"आत नुसतं पाणी मारत बसतात" ही आणखी एक तक्रार. ते पाणी म्हणजे बहुधा सोडियम हायपोक्लोराइट असतं. मुळातली वाट गोल नळीसारखी नसते. ती चपटी असते, तिला आडफाटे असतात. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅननं दाखवलं, की ही वाट घासायची कुठलीही बारीक सुई, म्हणजे फाइल, वापरली तरी निदान ३५ टक्के भिंतीला ती टेकतसुद्धा नाही. फाइल पोचत नाही तिथला मेलेला मांसल भाग विरघळवायचा आणि जंतू मारायचे, ते या द्रावणानंच.

आता बाईंचा दुसरा समज: दुखणं थांबलं, कॅपची घाई काय? १९९० साली तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी भरलेल्या मुळांचं वरचं तोंड उघडं ठेवून त्यावर जंतू सोडले. एका जातीचे जंतू १९ दिवसांत, दुसऱ्या जातीचे ४२ दिवसांत निम्म्याहून जास्त मुळांच्या टोकापर्यंत उतरले. हा आकडा जसाच्या तसा तोंडाला लावता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बरणीतल्या दाताच्या मदतीला रक्तातल्या पेशी येत नाहीत; आणि दात तोडायच्या प्रयोगातलं यंत्र एकदाच जोर लावतं, जबडा दिवसभर थोडा थोडा. त्यामुळे १९ दिवसांची मुदत मी कुणाला देत नाही.

बाईंच्या दाढेत दोन महिने कच्चं सिमेंटच होतं. मागची कड गेली होती, पण चीर मुळात उतरली नव्हती. उरलेली भिंत धरून दाढ बांधून घेतली आणि कॅपचं माप त्याच आठवड्यात घेतलं.