लेथवर काय बनवावं, काय बनवू नये

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात, कर्जत तालुक्यातल्या कुठल्याही बाजारगावासारखंच, वेल्डिंगवाला किंवा लेथवाला शोधत फिरावं लागत नाही. ट्रॉलीचा मोडलेला दांडा जोडणं, फाळ ठोकून देणं, घासलेलं बुश नव्यानं कातणं ही इथली रोजची कामं. म्हणून कुणी परसात जुनी विलीज जीप किंवा प्रीमियर पद्मिनी आणून तिची हॉट रॉड करायला घेतली, तर कारागीर मिळणं ही अडचण नसते. अडचण असते सल्ल्यांची. यूट्यूबवर, कट्ट्यावर आणि गॅरेजात जे ठासून सांगितलं जातं त्यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे आणि काही साफ खोटं.

हॉट रॉडचा उगम १९३०च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियात. जुनी स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड आणि बॉनेट काढून वजन उतरवायचं, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या तलावाच्या सपाट तळावर ती पळवायची, असा तो नाद होता. १९३२ साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन दिलं आणि या मंडळींना जणू घबाडच सापडलं. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन शर्यतींसाठी संघटनाही काढली. बहुतेकांचं भांडवल म्हणजे घरचं गॅरेज, हातहत्यारं आणि भंगारबाजार.

“जुनी गाडी आहे, विंटेजचा नंबर मिळेल”

मिळणार नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. हॉट रॉडमध्ये नेमका या तिन्हींतच फेरफार होतो. म्हणजे जी गाडी विंटेज म्हणून मिरवता आली असती, तिला ग्राइंडर लावला की तो हक्क आपणच घालवतो. शिवाय व्हीए क्रमांकाची गाडीही रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली आणि इंधन-देखभालीपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मूळ रूपात जपणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर नगरच्या रणगाडा संग्रहालयातली रोल्स-रॉईसची चिलखती गाडी एकदा निवांत बघून या.

मग साध्या नंबरावर हॉट रॉड चालेल? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. “आपल्याच रानात फिरवू, कोण बघतंय” म्हणणाऱ्यांनी कलम ३९ वाचावं. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी ‘किंवा अन्य कोणत्याही जागी’ चालवू नये, असे त्यातले शब्द आहेत.

“त्या सांगलीवाल्याला तर बक्षीस मिळालं!”

कायद्याचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास पुढे येतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप बांधली. खर्च सुमारे ६०,००० रुपये, डाव्या हाताला स्टिअरिंग आणि चालू करायला दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी ट्विटरवर टाकला आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली.

कथा खरी आहे, तिचा अर्थ मात्र उलटा लावला जातो. ही गाडी नियमांत बसत नाही हे महिंद्रांनी पहिल्याच ट्विटमध्ये लिहिलं होतं. ती रस्त्यावरून कधी ना कधी थांबवली जाईल, म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. कारागिरीला दाद मिळाली, गाडीला परवाना नाही. मला या प्रकरणात बोलेरोपेक्षा किकचं कौतुक जास्त वाटतं. हाताशी असलेल्या वस्तूंतून चालणारी यंत्रणा जुळवणं सोपं नाही, आणि या कामाची खरी गंमत तिथेच आहे.

“जाड घाला, म्हणजे तुटायचं नाही”

ट्रॉली बांधणाऱ्या हाताला ही सवय असतेच, आणि ट्रॉलीला ती शोभते. गाडीत मात्र लोखंड किती आहे याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व असतं. ४० मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा गोल पाइप घ्या. मीटरला त्याचं वजन भरतं १.९ किलोच्या आसपास. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर ती जेमतेम साडेसतरा मिमी व्यासाची येते. वाकण्याला विरोध करण्यात पाइप त्या सळईपेक्षा साधारण साडेनऊपट ताठ. मध्यरेषेपासून धातू जितका लांब, तितका तो जास्त कामाला येतो. म्हणून क्रॉस मेंबर, सीटचा सांगाडा, रोल बार यांना पाइप किंवा बॉक्स सेक्शन. फ्लोअर आणि डॅशबोर्डला १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआर पत्रा पुरतो. गंजणार नाही म्हणून जस्ताचा पत्रा आणाल तर वेल्डिंगची जागा घासून जस्त काढा. त्याच्या धुरानं थंडी वाजून ताप भरतो.

बोल्टांचंही तसंच. चकचकीत स्टेनलेस बोल्ट भारी, हा समज दुकानदारच पसरवतात. डोक्यावर ‘८.८’ कोरलेला साधा काळा बोल्ट दर चौरस मिमीला ८०० न्यूटन ताण घेतो. नेहमी मिळणारा ‘ए२-७०’ स्टेनलेस ७०० न्यूटनला तुटतो, त्याच्या बराच आधी ताणला जातो आणि त्याचे आटे जाम होतात ते वेगळंच. सस्पेन्शन आणि इंजिन माउंटिंगला ८.८ किंवा त्यावरचाच. डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल, तर तो बोल्ट गेटच्या बिजागरीला ठेवा.

“वेल्ड मारला की झाला नव्यासारखा”

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण जीव जातो तो इथे.

धातू तीन प्रकारचे समजा. पहिला साधा एमएस. त्यावर नीट मारलेला वेल्ड बहुधा मूळ धातूइतकाच पक्का असतो. ब्रॅकेट, पेडल, बॅटरी ट्रे, रेडिएटरचा आधार हे सगळं गावात खुशाल बनवा.

दुसरं बीड. जुन्या इंजिनाचा ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, गिअरबॉक्सची काही कवचं बिडाची असतात. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त. साधा रॉड लावला की वेल्डशेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि थंड होताना तडकते. त्याला निकेलचा रॉड, आधी तापवणं, एकेक इंचाचे टाके आणि शेवटी चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड करणं, एवढा कुटाणा लागतो. नाहीतर पितळेचा डाग. पितळ साधारण ९०० अंशाला वितळतं, बीड वितळायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून बिडाला फारसा धक्का न लागता सांधा धरतो. एक्झॉस्टच्या तापल्या जागी मात्र तो डाग देऊ नये.

तिसरं म्हणजे पाणी दिलेलं पोलाद. पाटे, स्टिअरिंगचा ड्रॉप आर्म, नकल, एक्सल शाफ्ट. लाल होईपर्यंत तापवलं की त्याचं पाणी उतरतं, हे लोहाराला कुठल्याही इंजिनिअरइतकंच ठाऊक असतं. गाडी खाली बसवायला पाटे गॅसनं तापवून वाकवणं किंवा ड्रॉप आर्म कापून लांब करणं दिसायला जमतं. तो भाग आज तुटत नाही. हजारो हेलकाव्यांनंतर आतून बारीक भेग वाढत जाते आणि एका वळणावर चाक ऐकेनासं होतं. पुढचे एक्सल तापवून वाकवणारे कारागीर अमेरिकेत होते, पण त्यांनी त्या एकाच कामावर हात बसवला होता. आपण तयार भाग विकत आणावा. यात काटकसर करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

पेट्रोलच्या टाकीबद्दल एकच वाक्य. रिकामी, धुतलेली, वर्षभर उन्हात पडलेली टाकीसुद्धा वाफ धरून असू शकते आणि वेल्डिंगच्या ठिणगीनं फुटते, तेव्हा नवी बनवा.

“सीएनसीशिवाय हे होत नाही”

होतं. पुठ्ठा कापून जागेवर बसवून बघायचा, तो पत्र्यावर आखायचा, मग कापायचं. १९३०च्या दशकात हेच चालायचं आणि आजही फिट बसणारा भाग याच वाटेनं येतो. एकसारखी चार ब्रॅकेट हवी असतील तर पुठ्ठ्यावरून चित्र काढून लेझर कटिंगला पाठवा, बाकीचं इथेच करा. यंत्र महाग म्हणून माप बरोबर येतं असं नाही.

“मोठं इंजिन टाकलं की काम फत्ते”

जुन्या विलीज जीपचं इंजिन २.२ लिटरचं, सुमारे ६० हॉर्सपॉवरचं, आणि ब्रेकचे ड्रम नऊ इंची. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटरनं जायला लागलात तर थांबताना ब्रेकला जिरवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. त्यामुळे आधी ब्रेक, मग इंजिन. ब्रेकला तांब्याची नळी घरीच वाकवून घालतात, तेही टाळा. हादऱ्यांनी तांबं कडक होऊन चिरतं. स्टीलची तयार ब्रेक लाइन घ्या.

इंजिन मागेपुढे सरकलं की प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि कोनही बदलतात. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे आणि योक एका रेषेत नसले तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त वेगानं फिरतो आणि गाडी ठरावीक वेगाला थरथरते. तो कापून जोडणं लेथवाल्याचं काम, पण बॅलन्सिंग मशिनवरच करून घ्यावं.

वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या, कायद्यानं मान्य केलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी तीन आपल्याच टापूत आहेत: नगरची व्हीआरडीई, पुण्याची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. त्या मुख्यतः उत्पादकांसाठी असल्या, तरी गाडी सुरक्षित ठरते कशी हे त्यांच्या जाहीर मानकांतून कुणालाही वाचता येतं. आणि तुमची जीप एमएच-१६ची असेल तर चासी कापण्याआधी आरसी घेऊन नगरच्या आरटीओ कार्यालयात जा आणि कोणता बदल नोंदता येईल याचं उत्तर लेखी मागा.