डबा मुंबईला की बैतूलला?

चिखलदऱ्याची कॉफी डब्यात भरून ऑनलाइन विकू पाहणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे एक सांगणे आहे. दूरच्या मुंबईला गेलेला डबा राज्यातच राहतो. शेजारच्या बैतूलला गेलेला मात्र मध्य प्रदेशात जातो. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, तरी हा फरक उरलाच.

वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर ऑनलाइन कंपनीमार्फत राज्यातल्या राज्यात विकायला १ ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी नोंदणी लागत नाही. पॅनवरून नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. परराज्यात विकायचे, तर पहिल्याच डब्याला नोंदणी हवी. तिला सरकारी शुल्क नाही. पण विक्री नसली तरी विवरणपत्र भरावेच लागते, चुकले की विलंब शुल्क. म्हणून दलालाच्या हाती पैसे देण्याआधी एवढे ठरवा: आपले गिऱ्हाईक कुठले?