देव बरे करतो, मग वेळ का लागतो?

आजारपण लांबले की घरी प्रार्थनेला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतेच, "विश्वासात काही कमी पडतंय का?" दिंडोरीच्या वाडीवस्तीवर असो की नाशिकच्या शरणपूरला, हा प्रश्न आजाऱ्याच्या जिव्हारी लागतो. अंगात दुखणे असतेच, त्यावर अपराधीपण येऊन बसते. पवित्र शास्त्रात या प्रश्नाला आधार नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून तो विचारणे आपण थांबवले पाहिजे.

गैरसमज: विश्वास खरा असेल तर आजार लगेच जातो.

येशूने क्षणात बरे केल्याच्या हकीकती शुभवर्तमानांत पुष्कळ आहेत. पण मार्कच्या आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा दोन टप्प्यांत बरा झाला. येशूने पहिल्यांदा हात ठेवले तेव्हा त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. पुन्हा ठेवले तेव्हा स्वच्छ दिसू लागले. आधी अर्धवट दिसले म्हणून येशूने त्याला बोल लावला नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिलाच. त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून पौलाला पुढे जावे लागले. तीमथ्याच्या पोटाची तक्रार वारंवार उद्भवे. त्याला पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यांपैकी कुणालाही शास्त्राने अविश्वासू म्हटलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बहिरेपण पुढे आयुष्यभर राहिले. ज्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठे आध्यात्मिक संजीवन झाले, तिथल्या या बाईंचे कान मात्र बरे झाले नाहीत. तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि 1922 मध्ये देह ठेवण्याच्या सुमारास ते काम पुरे केले. त्यांच्या विश्वासाला उणा म्हणायला कोण धजेल?

शरीराचेच नव्हे, मनाचेही तसेच. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. मधली वर्षे प्रश्नांची आणि वादांची होती. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनीही, पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर, स्वतः ते पाऊल उचलायला पाच वर्षांच्या आसपास घेतली. त्या काळात काहीच घडत नव्हते असे त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणारा म्हणणार नाही.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने द्राक्षवेलाची गोष्ट सांगितली आहे: फळ देणाऱ्या फांदीलाही माळी छाटतो, तिने अधिक फळ द्यावे म्हणून. दिंडोरीच्या बागाईतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. पुढच्या दोनेक महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतो, पण वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी झाली की मग तो बाहेर पडतो. उन्हाळ्यात घड दिसत नाही म्हणून कुणी बाग तोडत नाही, पण पाणी, खत, फवारणी सोडूनही देत नाही. ख्रिस्ती माणसाचा धीर असाच हात चालू ठेवून धरायचा असतो.

गैरसमज: औषध घेणे म्हणजे देवावर शंका घेणे.

हा सर्वांत घातक. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला मिशनचे रुग्णालय सुरू केले. तिथे शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छपराखाली चालत. साध्या क्षयाला सहसा सहा महिने औषध लागते. कुष्ठरोगाला प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. पण क्षयाच्या आजाऱ्याचा दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि चंगाई सभेत साक्ष दिल्यावर गोळ्या बंद होतात. उरलेले जंतू मग औषधाला दाद देईनासे होतात, आणि आजार घरातल्या लेकराबाळांपर्यंत जातो. साक्ष जरूर द्यावी, पण डॉक्टरांनी ठरवलेला शेवटचा डोस घेऊन झाल्यावर.

चमत्काराच्या बाबतीत खुद्द कॅथलिक चर्चही घाई करत नाही. फ्रान्समधल्या लूर्द येथे 1858 पासून बरे झाल्याचे हजारो दावे आले. डॉक्टरांच्या कसून तपासणीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडे वर. बरे होणे टिकते का, हे पाहायला ते वर्षानुवर्षे थांबतात.

गैरसमज: फादरांनी तेल लावले म्हणजे आता शेवट.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून घ्यावे असे आहे. त्यात मरणाची अट नाही. कॅथलिक चर्चने 1972 च्या सुधारित विधीत हे स्पष्ट केले. मोठ्या शस्त्रक्रियेआधी किंवा लांबलेल्या दुखण्यातही तैलाभ्यंग घेता येतो.

गैरसमज: धीर म्हणजे मुकाट सोसणे.

तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे कुठवर चालायचे. तक्रार हीदेखील प्रार्थना आहे. दारूच्या मारहाणीत अडकलेल्या बाईला "धीर धर, प्रभू बघेल" एवढेच सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. रमाबाईंनी बालविधवांना सोसायला सांगितले नाही, 1889 मध्ये शारदा सदन उघडून त्यांना छप्पर आणि शिक्षण दिले.

मन खचलेल्यांबाबतही तेच. एलीया जगायला कंटाळून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर-पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. आज अशा माणसाला जेवण, झोप आणि सोबत यांबरोबर डॉक्टरही हवा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. तो पाळकांनी उपासनेनंतर मंडळीत वाचून दाखवावा.