‘जयपूर फूट’मागील कार्बनचे रसायन

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेला कृत्रिम पाय ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर ओळखला जातो. या पायाने उकिडवे बसता येते आणि शेतात अनवाणी चालता येते. हे शक्य होते ते कार्बनच्या लांब साखळ्यांमुळे.

कार्बनचा अणू चार बंध तयार करू शकतो आणि इतर कार्बन अणूंशी सहज जोडला जातो. त्यामुळे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन महारेणू तयार होतात. रबराच्या झाडाचा चीक हे त्याचेच उदाहरण होय. पाच कार्बन व आठ हायड्रोजन अणूंचा आयसोप्रीन हा घटक त्यात हजारो वेळा जोडलेला असतो. या साखळ्या गुंडाळलेल्या असतात. ताणल्यावर त्या उलगडतात आणि सोडल्यावर पूर्ववत होतात.

मात्र कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक बनते. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये यावर उपाय सापडला. रबर गंधकासह तापविल्यास शेजारच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात. साखळ्या घसरत नाहीत, लवचिकता मात्र टिकते. या प्रक्रियेस व्हल्कनायझेशन म्हणतात. जयपूर फूटमध्ये टाच व चवडा यांसाठी स्पंज रबर, घोट्यासाठी लाकूड वापरून त्यावर रबराचे आवरण चढवतात आणि साच्यात तापवून एकजीव करतात. पायाच्या वरच्या भागासाठी पॉलिएथिलीनची नळी वापरली जाते. तिच्या सरळ साखळ्या दाट रचल्या जातात, म्हणून ती हलकी तरीही मजबूत असते.

निसर्गातही हेच तत्त्व आढळते. केसांमधील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनीच बांधलेल्या असतात. लाकडातील सेल्युलोज व धान्यातील स्टार्च दोन्ही ग्लुकोजपासून बनतात. परंतु जोडणी वेगळी असल्याने माणसाला स्टार्च पचते, सेल्युलोज पचत नाही.

ऊन, ऑक्सिजन व ओझोन यांमुळे रबराच्या साखळ्या तुटतात आणि भेगा पडतात. त्यामुळे कृत्रिम पाय झिजल्यावर तो बदलणे आवश्यक ठरते. जयपूरमध्ये १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती गरजूंना हे पाय विनामूल्य देते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.