वाकड्या भिंतीवर सरळ पाटी

पाट्यांचा प्रश्न आम्हा सीमावासीयांना नवा नाही. पाटीवर मराठी असावी की नसावी, अक्षर केवढे असावे, यावर सभा झाल्या, निवेदने दिली गेली. मात्र लागलेली मराठी पाटी सरळ दिसते का, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो का व्हावा, हे बडोद्याच्या जुन्या पेठांकडे पाहिले की कळते.

बडोदे हे गायकवाडांचे. तेथे मराठी आणि गुजराती पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या. 1931 साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात निघालेल्या ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ या कारभाराच्या कोशात गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. 2018 साली 91 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच शहरात भरले. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांत आजही मराठी कानावर येते.

जमीनही हलते, लाकूडही वाकते

या शहराच्या बऱ्याच भागात काळी चिकण माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या पायाखाली हे दर साल घडले की एक कोपरा खचतो, दुसरा तसाच राहतो. त्यात जुने वाडे लाकडी खांब आणि तुळयांचे. एकोणिसाव्या शतकातला तांबेकर वाडा हा त्या पद्धतीचा नामांकित नमुना. लांब तुळई वर्षानुवर्षे भार सोसून मध्ये लवते. मग जोते, तुळई, चौकट यांतली कोणतीच रेघ दुसरीशी जुळत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीवरच्या जुन्या शाळांची आणि चावड्यांची कथा वेगळी नाही.

शिरोरेषा चुगली करते

गुजराती अक्षरांना शिरोरेषा नाही. एखादे अक्षर सुताभर वर-खाली झाले तरी सहसा डोळ्यांत येत नाही. कानडी अक्षरांचे शेंडेही एकमेकांना जोडलेले नसतात. आपल्या बाळबोध लिपीचे तसे नाही. शब्दाच्या डोक्यावरून अखंड रेघ जाते आणि ती जराशी कलली तरी शब्द वाचण्याआधी कल दिसतो. पत्र्याची सुटी अक्षरे बसवताना तर प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेला भिडावी लागते. आपले जुने कारकून मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढीत, मग तिला अक्षरे लटकवीत. शाळेत आम्हीही फळ्यावर आधी रेघच मारतो. पाटीचे कामही याच क्रमाने व्हावे.

पाणसळ खरी की डोळा?

समजा, तुळई दहा फुटांत दोन इंच कलली आहे. तिच्याखाली दहा फुटी पाटी पाणसळीने अगदी सपाट लावली. एका टोकाला फट चार इंचांची, दुसऱ्या टोकाला सहा इंचांची. पाहणारा फटीकडे पाहतो आणि दोष पाटीला देतो. हीच पाटी हातभर खाली घेतली तर फट बावीस आणि चोवीस इंचांची होते. मग दोन इंचांचा फरक जाणवत नाही. जागाच नसेल तर पाटीला तुळईच्या निम्मा, म्हणजे एक इंच, कल द्यावा. भिंतीवरच रंगवायचे असेल तर चौकट आखूच नये. अक्षरे तेवढी दोरीवर घ्यावीत.

पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरावे. मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही टोकांचे पाणी जिथे स्थिरावेल तिथे खुणा करून सूत मारावे. मग रस्त्यापलीकडे जाऊन पाहावे आणि शेवटचा खिळा त्यानंतरच ठोकावा. कारण गावकरी पाटी वाचतात ती रस्त्यावरून.

थोडी जागा, नीट अक्षर

2022 साली गुजरात सरकारने बडोद्यासह आठ महापालिकांच्या शहरांत सार्वजनिक जागांच्या फलकांवर गुजराती सक्तीची केली. 2024 साली कर्नाटकात फलकावर 60 टक्के कानडीचा कायदा झाला. मराठीच्या न्याय्य वाट्यासाठीचा आमचा आग्रह कायमच राहील. तोपर्यंत जी जागा हाती आहे, तिच्यात काय दिसते? कललेली रेघ आणि तुटलेली वेलांटी पाहून परक्याला वाटते की या भाषेला कोणी वाली नाही. पाटीखालून रोज शाळेत जाणाऱ्या आपल्या पोरांनाही तसेच वाटू लागते, आणि ते अधिक वाईट.

म्हणून वाचनालयांच्या, मंडळांच्या आणि शाळांच्या चालकांना आमची विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात रंगकाम काढाल तेव्हा पेंटरच्या हाती मजकुराच्या कागदाबरोबर सूत आणि पाण्याची नळीही द्या. इमारत सरळ करणे आपल्या ऐपतीत नसेल. पण पाटी सरळ करायला दोन माणसे आणि एक सकाळ पुरते.